कन्या कोणाची, दान कोणाचे?

माझी नात इथे मॉरिसव्हिलला नववीत शिकते. मागच्या हिवाळ्यात तिला शाळेतून एक निबंध लिहायला दिला होता. जे. बी. प्रीस्टली यांचे 'ॲन इन्स्पेक्टर कॉल्स' हे नाटक वर्गात वाचून झाले होते. त्यातला एक बड्या घरचा पुरुष घ्यायचा आणि समाजाबद्दलची जबाबदारी त्याने कितपत ओळखली, याची चिकित्सा करायची, असा विषय होता. आजोबा जन्मभर मास्तर. तेव्हा स्वारी वही, पेन्सिल आणि वाटीभर चिवडा घेऊन माझ्या खोलीत दाखल झाली.

नाटक १९४५ सालचे, पण घडते १९१२ मध्ये. बर्लिंग नावाचा गिरणीमालक मुलीचे लग्न ठरल्याची मेजवानी करीत असतो. तेवढ्यात एक इन्स्पेक्टर येतो. ईव्हा स्मिथ नावाच्या गरीब मुलीने जीव दिलेला असतो, आणि चौकशीत असे निघते की त्या खोलीतल्या प्रत्येकाने तिला थोडे थोडे ढकललेले आहे. बर्लिंगने तिला पगारवाढ मागितल्याबद्दल कामावरून काढले. भावी जावई जेराल्ड क्रॉफ्ट हा बर्लिंगहूनही मोठ्या घराण्यातला. त्याने तिला आसरा दिला, ठेवली, आणि अडचण वाटू लागली तेव्हा सोडली. शेवटी तो इन्स्पेक्टर खरा नव्हताच असे कळते, तेव्हा हाच जेराल्ड निर्धास्त होऊन साखरपुड्याची अंगठी पुन्हा पुढे करतो. नातीने जेराल्डला निवडले आणि चांगला झोडपला. मी फक्त विरामचिन्हे पाहिली.

जाता जाता तिने विचारले, "आजोबा, मराठीत नाही का असा माणूस?"

मी म्हटले, "आहे. पण तो इतका सोपा नाही."

माझ्या मनात होते विजय तेंडुलकरांच्या 'कन्यादान' नाटकातले नाथ देवळालीकर. नाटक १९८३ सालचे. आपल्या वाचकांपैकी पुष्कळ जण त्याच्या आधीच मुंबई, ठाणे, पनवेल सोडून इस्राएलला गेलेले, त्यामुळे त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी एक परिच्छेद गाळावा.

नाथ पुण्याचे. ब्राह्मण, समाजवादी, विधान परिषदेचे आमदार. पत्नी सेवा, तीही कार्यकर्ती. मुलाचे नाव जयप्रकाश. ते कोणावरून ठेवले हे सांगायला नको. मुलगी ज्योती. घरात लोकशाही, प्रत्येकाला मत मांडण्याची मुभा. ही ज्योती एक दिवस सांगते की मी अरुण आठवले या दलित तरुणाशी लग्न करायचे ठरवले आहे. अरुण कवी आहे, अजून शिकतो आहे, पोटापाण्याचे धड काही नाही, आणि दोघांची ओळख फार दिवसांची नाही. अरुण घरी येतो तेव्हा तिरकस बोलतो, मुद्दाम किळस येईल असे सांगतो, ज्योतीचा हात पिरगळतो. आई आणि भाऊ हबकतात. नाथ मात्र मुलीच्या पाठीशी उभे राहतात, नुसते उभे राहत नाहीत तर हरखून जातात. लग्न होते. अरुण पितो आणि मारतो. ज्योती एकदा कायमची म्हणून माहेरी येते. तो मागोमाग येऊन गयावया करतो. ती परत जाते. पुढे ती गरोदर असतानाही मार चुकत नाही. याच काळात अरुणचे आत्मचरित्र गाजते आणि त्यावरच्या सभेत बोलण्यासाठी सासऱ्यांना आमंत्रण येते. अन्यायाविरुद्ध लिहिणारा माणूस घरी काय करतो हे समजलेले असल्यामुळे नाथ आधी नाकारतात. मग मुलीला त्याचा जास्त त्रास होईल या भीतीने जातात आणि मनात नसलेली स्तुती करून येतात. ज्योती घरी येऊन त्या भाषणाचा जाब विचारते, आणि नवऱ्याकडे निघून जाते. इथे पडदा.

मी ते मुंबईत पाहिले तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो, एका मराठी शाळेत नुकताच लागलो होतो. पहिला अंक संपला तेव्हा मी सोळा आणे नाथांच्या बाजूने. सेवाबाई मला दुटप्पी वाटल्या. बाहेर समतेची भाषणे करायची आणि स्वतःच्या मुलीची वेळ आली की राहणार कुठे, खाणार काय, सवयी जुळणार कशा, हे विचारायचे! आज सदुसष्टाव्या वर्षी मला असे वाटते की त्या घरात जबाबदारीचे प्रश्न फक्त सेवाबाईंनीच विचारले. ते भाजीपाल्याच्या आणि भाड्याच्या भाषेत होते म्हणून मला ते क्षुद्र वाटले.

आता नाथांना उच्चवर्गीय म्हणावे का, असा प्रश्न कोणी करील. बर्लिंगसारखी गिरणी त्यांच्यापाशी नाही. एस्. टी.ने हिंडणारा, दौरे काढणारा माणूस. पण घरात फोन आहे, आणि तो उचलून चार शब्द बोलले तर पलीकडचा माणूस ऐकून घेतो. आमदारकी आहे, पुण्यासारख्या गावात नाव आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या कोणी दारातून हाकललेले नाही अशी एक सहज निर्धास्त वृत्ती आहे. त्यांचा वर्ग तिजोरीत दिसत नाही. काही बिनसले तर त्यांना स्वतःला खरचटणार नाही, या खात्रीत तो दिसतो.

पुष्कळ जण नाथांना ढोंगी म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. तेंडुलकरांनीच १९८१ मध्ये 'कमला' लिहिले. 'इंडियन एक्स्प्रेस'चे वार्ताहर अश्विनी सरीन यांनी त्याच वर्षी बायकांचा बाजार उघड करण्यासाठी एक स्त्री प्रत्यक्ष विकत घेतली होती, त्यावरून ते सुचले. त्यातला पत्रकार जयसिंग जाधव अशीच बाई विकत आणून पत्रकार परिषदेत उभी करतो. जयसिंगला ओळखणे सोपे, कारण त्याचे सगळे लक्ष आपल्या नावाकडे आहे. नाथांचे तसे नाही. त्यांना जात खरोखरच मोडायची आहे, आणि ते जे मानतात त्यात खोट काढायला जागा नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये छापलेल्या जातिनिर्मूलनावरील भाषणात जातीवरचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहच सांगितला होता. नाथ तेच म्हणतात. ढोंगी माणूस आपल्या तत्त्वापासून स्वतःच्या मुलीला तरी वाचवतो. नाथांचा विश्वास खरा होता, म्हणून ज्योतीला कोणी वाचवले नाही.

मग चुकले कुठे? या लग्नाकडे नाथ एक प्रयोग म्हणून पाहतात. मी शाळेत असताना आमचे शास्त्राचे मास्तर बेडूक चिरून दाखवीत. प्रयोग मास्तरांचा असे. बेडकाला कोणी विचारलेले नसे, आणि प्रयोग फसला तर मास्तर दुसरा बेडूक आणीत. नाथांच्या प्रयोगात दोन जिवंत माणसे आहेत. ज्योतीच्या मनात धाकधूक असते तेव्हा तिला हवा असतो एक बाप, जो म्हणेल की थांब, दोन महिने विचार कर, नाही म्हणालीस तरी मला वाईट वाटणार नाही. तिला मिळतो तो व्याख्याता. तिच्या हो म्हणण्यावर देशाचे भवितव्य टांगलेले आहे असे एकदा वडिलांच्या चेहऱ्यावर वाचल्यावर मुलगी नाही कशी म्हणणार?

देवलांच्या 'शारदा' नाटकातला कांचनभट आठवतो. ते नाटक १८९९ सालचे. हा बाप पैशाच्या लोभाने कोवळी पोर थेरड्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघतो. प्रेक्षकाला त्याच्याविषयी एक क्षणभर शंका येत नाही. नाथांनी एक पैसा घेतला नाही, लग्नही मुलीनेच ठरवले, तरीही तेंडुलकरांनी नाटकाला नाव दिले 'कन्यादान'. आपल्याकडे हा विधी नाही. आपल्या लग्नात केतुबा वाचली जाते, साक्षीदार सह्या करतात, आणि नवऱ्याने काय द्यायचे ते लिहिलेले असते. पण विधी नसला म्हणून वृत्ती नाही असे थोडेच आहे? दान करायचे तर वस्तू आपली असावी लागते, आणि मुलगी आपली वस्तू आहे असे बापाला किती सहज वाटते, हे आपल्यातल्या बापांनीही छातीवर हात ठेवून सांगावे.

या ठिकाणी मला शोफ्तीमच्या अकराव्या अध्यायातला यिफ्ताह आठवल्याशिवाय राहत नाही. अम्मोनी लोकांवर जय मिळाला तर परतल्यावर माझ्या घराच्या दारातून जे पहिले बाहेर येईल ते अर्पण करीन, असा नवस त्याने केला. डफ वाजवीत बाहेर आली ती त्याची एकुलती एक मुलगी. यिफ्ताह कपडे फाडतो, रडतो, आणि रडता रडता जणू काही तिनेच आपल्यावर हे संकट आणले असे तिलाच बोलतो. पण मला जास्त विचार करायला लावते ते आपल्या ऋषीमुनींनी, म्हणजे मिद्राशकारांनी, पुढे सांगितलेले. नवस सोडवता आला असता. पिन्हास कोहेन तेव्हा हयात होता. पण पिन्हास म्हणाला, गरज त्याची, मी का जाऊ? आणि यिफ्ताह म्हणाला, मी इस्राएलाचा सेनापती, मी का जाऊ? दोघांच्या मानापानात पोर गेली. मिद्राश दोघांनाही दोषी ठरवते.

'कन्यादान'मध्येही नवस सोडवण्याची वेळ येते. ज्योती घर सोडून माहेरी येते, तो तो क्षण. दार उघडे आहे, मुलगी आत आली आहे. नाथांना दुःख होते, ते जावयाला आपल्याच घरात राहायला बोलावण्याचीही तयारी दाखवतात, हे त्यांच्या बाजूचे मान्य केले पाहिजे. पण त्यांची मुख्य चिंता कोणती? हे लग्न मोडता कामा नये. मोडले तर जे सिद्ध करायचे ते सिद्ध होणार नाही. मुलीच्या अंगावरचे वळ आणि सिद्धान्ताला गेलेला तडा, या दोहोंत त्यांची नजर आधी तड्याकडे जाते. नाटकात मला सर्वांत भयंकर वाटते ते हेच, अरुणच्या मारहाणीपेक्षाही.

अरुणबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, नाहीतर हा लेख एकांगी होईल. या पात्रावरून तेव्हा मोठा वाद झाला. दलित कार्यकर्त्यांनी आणि लेखकांनी विचारले की दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले, लक्ष्मण मान्यांचे 'उपरा' १९८० मध्ये, असे खरे आवाज उठत असताना रंगभूमीवर दलित कवी आणायचा तो बायकोला मारणाराच का? प्रश्न रास्त होता आणि आजही आहे. या नाटकापायी तेंडुलकरांवर चप्पल भिरकावली गेली आणि याच नाटकाला १९९३ चा सरस्वती सन्मानही मिळाला. मी त्या वादात न्यायाधीश नाही. मला फक्त त्या दिवाणखान्यातला पहिला प्रवेश आठवतो. सोफ्यावर बसलेल्या त्या मुलाला सगळे तपासत आहेत, सेवाबाई संशयाने आणि नाथ कौतुकाने.

तपासले जाणे म्हणजे काय ते आपल्याला कोणी शिकवायला नको. १९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बींच्या कचेरीने आपल्या वधूवरांच्या लग्नाआधी पिढ्यांची चौकशी करण्याचे निर्देश काढले, आणि आपल्या लोकांना रस्त्यावर उतरावे लागले. १९६४ मध्ये क्नेसेटने आपण सर्वार्थाने यहुदी आहोत असे जाहीर केले तेव्हा ते प्रकरण निवळले. त्या वेळी जे तरुण कागद घेऊन उभे होते त्यांना अरुणचा तिरकसपणा थोडा तरी समजेल. मारहाण नव्हे, तिरकसपणा. आणि दुसऱ्या बाजूने पाहू गेले तर कोकणात घाणी फिरवणारे शनवार तेली असूनही आपण आपसात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद पाळला आणि एकमेकांत सोयरीक केली नाही. तेव्हा देवळालीकरांच्या घरात आपल्याला बसायला दोन्ही बाजूंच्या खुर्च्या आहेत.

नाथांचे कौतुकही तपासणीच होती. ते अरुणला माणूस म्हणून पाहतच नाहीत. त्याच्या उद्धटपणाला कारणे देतात, त्याच्या दोषांना इतिहास देतात. चांगला शिक्षक जाणतो की ज्या मुलाच्या चुका तुम्ही दाखवतच नाही, त्या मुलाला तुम्ही वर्गात धरलेलेच नाही. ज्याच्यावर रागवायचे नाही असे ठरवले त्याच्याशी नाते कसले? नाथ अरुणवर खरे रागावतात ते फार उशिरा, आणि रागावतात तेव्हा पूर्ण उलटे फिरतात.

महाराष्ट्रात सुधारकांची वाण नव्हती, आणि त्यांची किंमत कोणी दिली हे पाहण्यासारखे आहे. न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, पण १८७३ मध्ये पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केले. तत्त्वाची किंमत स्वतः द्यायची वेळ आली तेव्हा इतका मोठा माणूस मागे सरला. वीस वर्षांनी, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्व्यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केले आणि मुरुडच्या गावकऱ्यांचा बहिष्कार सोसला. त्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे संततिनियमनाच्या प्रचारापायी प्राध्यापकी गमावून बसले, खटले लढले, आणि 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ पासून १९५३ साली मरेपर्यंत पदरमोड करून चालवीत राहिले. नाथ ज्या सेवादलाच्या मुशीतले वाटतात त्या परंपरेतले साने गुरुजी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसले तेव्हा पोट त्यांचे स्वतःचे होते. अर्थात इथेही हिशेब इतका चोख नाही. कर्व्यांनी ज्या संस्थांना सगळे दिले, त्यापायी घरी ओढाताण झाली ती बाया कर्व्यांची. सुधारकाच्या घरातल्या बाईला कोणी विचारले नाही, हे सूत्र फार जुने आहे.

मग नाथांनी काय करायला हवे होते? मुलीला विरोध? मुळीच नाही. त्या लग्नाला नाही म्हणण्याचा त्यांना अधिकार नव्हता. पण हुरळून जाण्याचाही नव्हता. शिवाय स्वतःच्या खिशातून देण्यासारखे त्यांच्यापाशी पुष्कळ होते, आणि ती संधी त्यांना खरोखर एकदा मिळते. ती म्हणजे पुस्तकावरची सभा. तिथे उभे राहून त्यांनी म्हणायचे होते की हे पुस्तक मोठे आहे आणि हे लिहिणारा माणूस माझ्या मुलीला मारतो, दोन्ही खरे आहे. नाव गेले असते, सभा उधळली असती, त्यांच्यावर जातीयवादाचा शिक्का बसला असता. ती किंमत नाटकात पहिल्यांदाच पूर्णपणे त्यांची स्वतःची असती. ते खोटे बोलतात. मुलीसाठी बोलतात हे खरे, आणि त्याबद्दल घरी येऊन स्वतःची निर्भर्त्सना करतात हेही खरे. सत्य बोलले असते तर रात्री मार ज्योतीला बसला असता. तिथेही बिल तिच्याच नावावर. इथे मी चाळीस वर्षे अडखळतो. आपण ज्याला पणाला लावले आहे तो एकदा पटावर गेला, की पुढे आपण खरे बोललो काय आणि खोटे बोललो काय, मोजतो तोच.

हे सगळे मी इतक्या तावातावाने का लिहितो आहे, ते आता सांगितले पाहिजे.

१९९० मध्ये माझ्या मुलीला शाळेत घालायची वेळ आली. मी मराठीचा शिक्षक. माझे सहकारी मराठीच्या ऱ्हासावर भाषणे देत आणि स्वतःची मुले इंग्रजी शाळेत पाठवीत. मला त्याची चीड होती. मी मुलीला मराठी माध्यमात घातले. पत्नीने विचारले होते, आपले अर्धे नातेवाईक परदेशात, उद्या आपल्यालाही जावे लागले तर हिचे कसे होईल? मी तिला मातृभाषेतून शिक्षण या विषयावर अर्धा तास ऐकवले. पुढे १९९८ मध्ये भावाने बोलावले म्हणून आम्ही अमेरिकेत आलो. मुलगी तेरा वर्षांची होती. त्या काळी आपल्या मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून ते २००० साली सुरू झाले. म्हणजे तिच्यापाशी तीन वर्षांचे इंग्रजी. गणितात ती हुशार, पण तिला त्रिज्या, व्यास, परीघ माहीत. वर्गात बाईंनी रेडियस विचारले आणि ही गप्प. तिला खालच्या गणिताच्या वर्गात बसवले. जवळजवळ वर्षभर ती शाळेत बोललीच नाही. घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडायची, आणि मी बाहेर धीर सोडू नकोस यावर बोलायचो. तत्त्व माझे होते. तोंड तिचे बंद झाले.

आता मार्चमधली गोष्ट. मॉरिसव्हिलला मराठी घरे पुष्कळ आहेत. क्रिकेटचे मैदान आहे, सुट्टीच्या दिवशी वाण्याच्या दुकानात मराठी कानावर पडते. आम्ही सहा-सात बिऱ्हाडे मिळून कधी कधी नाटक वाचतो. नातीच्या निबंधानंतर मीच 'कन्यादान' सुचवले. आवाज मोठा म्हणून नाथ माझ्याकडे आले. ज्योती माझ्या मुलीकडे गेली, कारण तिच्या वयाच्या मंडळींत देवनागरी न अडखळता वाचणारी ती एकटीच. बाकीच्यांनी मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत लिहून घेतले होते. शेवटचा प्रवेश आम्ही दोघांनी समोरासमोर बसून वाचला. ती कुठेही थांबली नाही. मी दोनदा ओळ चुकलो.

नंतर चहा झाला, वाद झाला. कोणी नाथांना मूर्ख म्हणाले, कोणी सगळा दोष सेवाबाईंना दिला की त्यांनी पाय रोवून उभे राहायला हवे होते. घरी परतताना गाडीत मी मुलीला म्हटले, "मीही तुझ्यावर असाच प्रयोग केला."

ती म्हणाली, "शाळेचं काय घेऊन बसलात पप्पा. दोन वर्षं वाईट गेली, गेली. आज मी वाचू शकले ती त्याच शाळेमुळे. मला राग त्याचा नव्हता कधी."

"मग कशाचा?"

"तुम्ही जिथे तिथे सांगायचात. 'मी माझ्या मुलीला मराठी शाळेत घातली.' मंडळात, लग्नात, देवळात. शाळेत मी जायचे, टाळ्या तुम्हाला."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. खरे म्हणजे मी हे याच पानांवर लिहून आणखी एकदा तेच करतो आहे की काय, अशी शंका आता येते आहे. हा मजकूर तिला दाखवूनच पाठवतो आहे. मी तिला म्हटले की माझेच सगळे चुकले, तेव्हापासूनचे. त्यावर ती चिडली.

"बघा, आता चूकसुद्धा तुमचीच! ज्योती परत जाते ते ज्योतीनं ठरवलं. चुकीचं ठरवलं असेल. पण तुम्ही तेही नाथांच्या खात्यावर घालता. तिच्यासाठी काही शिल्लक ठेवाल की नाही?"

दुसऱ्या दिवशी मी शेवटचा प्रवेश पुन्हा काढून वाचला. ज्योती तिथे बापाचे नाव टाकून नवऱ्याचे नाव लावते आणि जाते. चाळीस वर्षे मी ते नाथांना झालेली शिक्षा म्हणून वाचत आलो. ती स्वतःविषयी काही सांगते आहे, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. तरी मी मुलीशी पुरता सहमत झालेलो नाही. पाठ फिरवणे म्हणजे भ्याडपणा, असे ज्या मुलीला पाळण्यापासून ऐकवले, तिच्या निर्णयात तिचा वाटा किती आणि ऐकवणाऱ्याचा किती? हे मी तिला विचारले. "रविवारी बोलू," म्हणाली, आणि कामावर गेली. तो रविवार अजून यायचा आहे.

सप्टेंबरमध्ये नाटक पुन्हा वाचायचे ठरले आहे, कारण मागच्या वेळी दोन घरे येऊ शकली नव्हती. नाथांची भूमिका या खेपेला माझ्या मुलीने मागून घेतली आहे. बाई नाथ वाचणार म्हणून एक-दोघे कुरकुरले, पण आमच्यात कोणी दिग्दर्शक नाही. मी सेवाबाईंचे काम मागितले. सगळे हसले. पत्नी म्हणाली, तुम्हाला जमायचे नाही, त्यात प्रश्न विचारून उत्तराची वाट बघावी लागते.

मी पाठांतराला लागलो आहे.

— एक निवृत्त शिक्षक, मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना